चावीवाल्याचा मे महिना

मे महिना लागला की आमच्या इमारतीचा वॉचमन लिफ्टच्या दाराशेजारी एक कागद चिकटवतो. पाणी सकाळी इतके ते इतके येईल, जपून वापरावे, खाली सेक्रेटरीची सही. येणारेजाणारे त्या कागदावर नजर टाकतात आणि लिफ्टचे बटण दाबतात. गच्चीवर टाकी आहे, तळाला टाकी आहे. पाणी कधी येते आणि कधी जाते, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. मला तो कागद दिसला की नळातला वारा ऐकू येतो.

ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. पाणी येण्याआधी नळातून वारा येतो. प्रथम दूरवर कुठेतरी गुरगुर होते, मग फस्स असा आवाज, गंजाच्या वासाची गार हवा हाताला लागते, दोनचार तांबूस थेंब उडतात आणि धार सुरू होते. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या पश्चिमेला, टेकडीच्या उतारावरच्या कातळवाडीत, उन्हाळ्यातली सकाळ या आवाजाने होई. उतारावरची घरे त्या आवाजासरशी उठत. पत्र्याचे डबे, ॲल्युमिनियमच्या कळश्या, रंगाचे रिकामे ड्रम ओढल्याचे आवाज एका घरातून दुसऱ्या घरात जात. टेकडीच्या माथ्यावर मात्र फक्त वारा पोचे. तिथल्या बायका नळाखाली हंडा ठेवून तो वारा संपेपर्यंत उभ्या राहत आणि मग हंडा उचलून खाली उतरत.

त्या भागाची बातमीदारी माझ्याकडे होती. दैनिकाचे उपनगरांचे पान आठवड्यातून दोनदा निघे आणि मे महिन्यात त्यावर पाण्याशिवाय फारसे काही नसे. शाळा बंद, पालिकेचे अर्धे अधिकारी रजेवर, रस्ते पांढरे पडलेले. दुपारी पत्र्यांवर वाळत घातलेल्या पापडांचा आणि आमसुलांचा वास गल्लीत भरून राही. बातमीदाराला या दिवसांत पायी फार हिंडावे लागते. मी जिथे हिंडलो त्यातली अर्धी ठिकाणे आता ओळखू येत नाहीत. कातळवाडीत नव्या इमारती उभ्या आहेत. माथ्यावर जाणाऱ्या एकशे चाळीस पायऱ्यांच्या जागी रस्ता आहे आणि रिक्षा थेट वर जाते. तरी त्या एका मे महिन्याचा क्रम मनात घड्याळासारखा लागलेला आहे, आणि तो महादेव नाचरे यांच्यापासून सुरू होतो.

नाचरे त्या वॉर्डाचे नगरसेवक होते. त्याआधी एकोणीस वर्षे ते पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्याखालच्या पाण्याच्या पाइपांवर ठिकठिकाणी झडपा असतात. छातीइतक्या उंचीची, डोक्याला आडवा दांडा असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, खड्ड्यावरचे झाकण उचलायचे, चावी झडपेवर बसवायची आणि ठरल्या वेळी ठरलेले फेरे फिरवून पाणी सोडायचे किंवा बंद करायचे, हे चावीवाल्याचे काम. गल्लीत त्याला इंजिनिअरपेक्षा जास्त मान मिळतो आणि शिव्याही जास्त मिळतात. नाचऱ्यांचे वडील संगमेश्वराकडून येऊन गिरणीला लागले होते. मुलगा पालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकला आणि पालिकेतच मजूर म्हणून लागला. उजव्या खांद्यावर चावीचा घट्टा पडला होता. पुढे ते पांढरे बुशशर्ट घालू लागले तरी त्या कापडाखाली तो उंचवटा दिसे.

पालिकेच्या नोकरीत राहून पालिकेची निवडणूक लढवता येत नाही. कायम नोकरीचा राजीनामा देऊन ते उभे राहिले तेव्हा वाडीत अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. मी कारण विचारले होते. ते म्हणाले, "चावी माझ्या हातात होती. फेरे किती मारायचे ते वर बसलेला माणूस ठरवायचा. म्हटलं, जिथं ठरतं तिथं जाऊन बघू."

"मग? बघितलंत?" हा प्रश्न मी निवडून आल्यानंतर वर्षभराने केला.

"बघितलं. तिथंही कोण ठरवत नाही. फाइल ठरवते."

निवडून आले त्या दिवशी ट्रकवर चढायला त्यांनी नकार दिला होता. मिरवणुकीच्या पुढे ते चालत होते, गुलालाने माखलेले, आणि मध्येच एक पाऊल आखूड टाकत होते, मध्येच एक लांब. दोन गल्ल्या गेल्यावर माझ्या लक्षात आले की ते खड्ड्यांवरची झाकणे चुकवत आहेत. चावीवाला झाकणावर पाय देत नाही.

त्यांचे कार्यालय म्हणजे पायथ्याच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीपुढचा ओटा. दोन खुर्च्या, एक बाकडे, रबरी शिक्का आणि शाईचे पॅड. सकाळी आठ ते दहा लोक येत. कोणाला रहिवासी असल्याचे पत्र हवे असे, कोणाला शाळेच्या प्रवेशासाठी चिठ्ठी, कोणाचे गटार तुंबलेले असे, कोणाच्या आजोबांचा मृत्यूचा दाखला अडलेला असे. नाचरे डोळे मिटून ऐकत. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटे की साहेबांना झोप लागली. ही सवय पाणीखात्यातली. जमिनीखाली गळती कुठे आहे हे शोधताना ते लोखंडी सळईचे एक टोक पाइपावर टेकवत आणि दुसरे कानामागे लावत. तेव्हा डोळे मिटावे लागतात, असे ते सांगत. उघड्या डोळ्यांनी रस्त्यावरचेच ऐकू येते.

ऐकून झाल्यावर ते दोनपैकी एक उत्तर देत. "होईल" किंवा "नाही होणार". एक बाई एकदा वैतागून म्हणाली, "भाऊ, निदान 'बघतो' तरी म्हणा. घरी जाऊन सांगायला बरं पडतं."

"बघायचं काय त्यात? नाही होणार ते नाही होणार. बस, चहा घे."

त्यांच्या या पद्धतीची वाडीत थट्टा होई. पण ज्याला "होईल" असे उत्तर मिळे तो ओट्यावरून उठून सरळ कामावर जाई; पुन्हा विचारायला येत नसे. मी अनेक लोकप्रतिनिधींच्या दारात बसलो आहे. इतकी कमी गर्दी आणि इतकी कमी खुशामत मी दुसऱ्या कोणाच्या दारात पाहिलेली नाही.

एक आश्वासन मात्र त्यांनी निवडणुकीत दिले होते आणि ते राहिले होते. माथ्यावर पाणी. पायथ्याच्या चाळींत कोकणातली माणसे राहत, बहुतेक गिरण्यांत काम केलेल्यांची घरे. माथ्यावर सोलापूर, सातारा, नगरकडून आलेली बौद्ध कुटुंबे. कातळ फोडून पायऱ्या त्यांनीच केल्या होत्या. सकाळी सहाला नाक्यावरच्या दोन्ही झडपा उघडत, खालची आणि वरची. पाणी आधी उताराला धावे. साडेसातला बंद होईपर्यंत पायथ्याची भांडी भरत आणि माथ्यावर वारा जाई. पंप बसवला तर वर पाणी चढणार होते. पंपाची फाइल तयार होती आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती.

अशा स्थितीत एका सकाळी माथ्यावरच्या शेवंताबाई गायकवाड ओट्यावर आल्या. विक्रोळीकडच्या एका कारखान्यात त्या पॅकिंगचे काम करत. नवरा वारलेला, एक मुलगी, सुनंदा. सुनंदा वाडीतली बालवाडी चालवे, आणि तिचे लग्न मुलुंडच्या एका घरात ठरले होते. शेवंताबाई बाकड्यावर बसल्या नाहीत.

"भाऊ, म्या खोटं बोलून आले."

"कुणाशी?"

"याह्याशी, सुनंदाच्या सासऱ्याशी. त्यांनी इचारलं, तुमच्या हितं पान्याचं कसं, न्हाईतर हॉल घिऊ. म्हनलं, दारात नळ हाय, नळाला पानी हाय."

"नळ आहे की."

"नळ हाय. नळाला काय चाटायचं का?"

ओट्यावरचे लोक हसले. नाचरे हसले नाहीत. "हॉल घेतलात तर काय बिघडतं?" त्यांनी विचारले.

"बावीस वर्सं झाली माथ्यावर. एक पावना जेवून गेला न्हाई. येतो, उभ्या उभ्या बोलतो, पानी नगं म्हनतो, जातो. त्याला ठावं असतं आमी कुठनं आनतो ते. माझी लेक दारातनं जाऊ द्या, भाऊ. पावनं दारात जेवू द्या."

वर जाणारा पाहुणा पाणी मागत नसे याचे हे एक कारण. पायथ्याची माणसे वर पाणी पीत नसत ती तेवढ्याच कारणाने नव्हे, हे वर आणि खाली दोन्हीकडे ठाऊक होते. त्याविषयी ओट्यावर कोणी बोलत नसे. नाचऱ्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "होईल."

शेवंताबाई लगेच पायऱ्या चढू लागल्या. मी थांबलो. "पंप येतोय का?" मी विचारले.

"पंप कुठला! पावसाळ्याआधी फाइल हलत नाही."

"मग कसं होईल?"

त्यांनी बोटांनी हवेत चावी फिरवल्यासारखे केले आणि विषय बदलला.

हिशेब त्यांनी पुढे सांगितला तो असा. मे महिन्यात पायथ्याच्या चाळी अर्ध्या रिकाम्या असतात. चाकरमानी बायकामुलांसह गावाला जातात, दारांना कुलपे लागतात, ओट्यांवर मांजरे झोपतात. म्हणजे खाली पाणी कमी लागते. खालची झडप चोवीस फेऱ्यांची. त्यातले आठ दाबले तर खालची धार थोडी बारीक होईल, कोणाला कळणार नाही, आणि उरलेला जोर वर जाईल. लग्नाच्या एका सकाळपुरते. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. घरातही नाही.

घरात सांगण्यासारखी परिस्थितीही नव्हती. नाचरेवहिनी त्या वर्षी पहिल्यांदाच गावाला गेल्या नव्हत्या. नगरसेवकाच्या बायकोने महिनाभर माहेरी जाऊन बसायचे तर ओट्यावर येणाऱ्यांचा चहा कोणी करायचा? चहाचा कप समोर ठेवताना त्या कोणाला उद्देशून नाही अशा बेताने बोलत. "आंबे येतात टोपलीतून. फणस कसा येणार? भावजय म्हणते, या वर्षी फणस दारातच कुजले. कुजणारच. खाणारी इथं कपबश्या धुतेय." नाचरे अशा वेळी समोरच्या अर्जावर शिक्का मारत आणि तो गरजेपेक्षा जोरात मारत.

लग्नाच्या दिवशी सहा वाजता मी नाक्यावर होतो. उजाडले होते, पण उन्हाला अजून धार नव्हती. पिठाच्या गिरणीसमोर दोन झाकणे शेजारीशेजारी उघडी पडलेली होती. नाचऱ्यांनंतर त्या भागाची चावी ज्याच्याकडे आली तो रघुनाथ तिथे होता. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला, वयाने दहाबारा वर्षांनी लहान. त्याने वरची झडप पूर्ण उघडली, खालची उघडली, आणि मग चावी नाचऱ्यांपुढे धरली.

"उस्ताद, खालची तुम्हीच दाबा."

नगरसेवकाने झडपेला हात लावायचा नसतो. नाचऱ्यांना हे माहीत होते. तरी त्यांनी बाह्या वर केल्या आणि चावी घेतली. दीड वर्षाने लोखंड हाताला लागले होते. त्यांचा चेहरा त्या वेळी जितका निवांत दिसला तितका सभागृहात कधी दिसला नव्हता.

त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. या धंद्यात एक नियम आहे. चावीवाला फेरे मोजत असताना कोणी बोलायचे नाही. मोजणी चुकली तर झडप पूर्ण बंद करून पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते, आणि तोवर गल्ली ओरडत असते. नाचऱ्यांनी तिसरा फेरा मोजला तेव्हा रघुनाथने तोंड उघडले आणि मिटले. सहाव्याला चावी जड झाली, हे मलाही दिसले. नाचरे जोर लावत पुटपुटले, "हात नरम पडलाय," आणि पुढे मोजत राहिले. आठ. त्यांनी चावी काढून रघुनाथच्या हातात दिली, पाठीवर थाप मारली आणि पायऱ्यांकडे निघाले. मीही मागोमाग निघालो.

माथ्यावर मांडव घातला होता. साड्यांचे आडोसे, कातळावर पसरलेल्या ताडपत्र्या, चुलींवर रिकामी पातेली. आचारी बिडी ओढत बसला होता. शेवंताबाईंच्या दारातल्या नळाला नेहमीप्रमाणे फडके गुंडाळलेले होते. बायका भोवती उभ्या होत्या. वारा सुरू झाला. रोजच्यापेक्षा तो जास्त वेळ चालला आणि त्याचा आवाज रोजच्यासारखा विरत गेला नाही, चढत गेला. मग फडके सुटून समोरच्या भिंतीवर आदळले आणि पाणी आले.

शेवंताबाईंनी आधी नुसता तळवा धरला. धारेने तो खाली लोटला. त्यांनी पुन्हा धरला. मागून कोणीतरी म्हणाले, "आगं, हंडा लाव की. हात काय धुतीस?" मग एकदम सगळी भांडी पुढे आली. आचाऱ्याने बिडी विझवली. पहिले पातेले भरले, दुसरे भरले, तांदूळ धुतल्याचे पांढरे पाणी कातळावरून वाहू लागले आणि पोरे त्यात पाय बुडवून उभी राहिली. मी बातमीसाठी वेळ टिपली. नाचरे एका दगडावर बसले होते आणि त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. त्यांना ते आवडत होते असे दिसले.

पाऊण तासाने खालून आवाज सुरू झाला. रिकाम्या कळशीवर पळीने मारल्याचा आवाज. एक कळशी, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतक्या. नाचऱ्यांनी डोळे मिटले. "खालची पूर्ण बसलीय," ते म्हणाले आणि उठून पायऱ्या उतरू लागले. त्या वयाच्या माणसाने उतरू नयेत अशा वेगाने उतरले.

नाक्यावर शेदीडशे माणसे होती, बहुतेक बायका. मध्ये रघुनाथ चावी छातीशी धरून उभा. लोक त्याला झडप उघडायला सांगत होते आणि तो "उस्तादांना येऊ द्या" एवढेच म्हणत होता.

"रघ्या," नाचऱ्यांनी विचारले, "किती फेऱ्यांची आहे ही?"

"आठची, उस्ताद. जुनी गळायला लागली म्हणून दिवाळीनंतर बदलली."

"मग बोलला का नाहीस?"

"मुद्दाम बंद करताय असं वाटलं. आणि तुम्ही मोजत होतात."

मोजताना न बोलण्याचा नियम नाचऱ्यांनीच त्याला शिकवला होता.

गर्दीतून आवाज आला, "नगरसेवक आमचा आणि पाणी वरच्यांना? वा रे वा!" दुसरा म्हणाला, "पुढच्या वेळी मतं पण वरूनच आणा." हे बोलणारे त्यांचे शेजारी होते, काही भावकीतले. सात वाजून गेले होते. साडेसातला पाणी जाणार होते. तेव्हाच खालची झडप उघडली असती तर वरची धार दोन मिनिटांत तुटली असती आणि शेवंताबाईंच्या मांडवातली निम्मी पातेली रिकामी राहिली असती. न उघडावी तर समोर शेदीडशे रिकामी भांडी होती.

"चूक माझी आहे," नाचरे म्हणाले. "रघ्याला कोणी बोलू नका. चावी मी फिरवली. वर लग्न आहे. थोडंसं दाबायचं होतं, तुम्हाला कळणार नाही इतकं."

"म्हणजे चोरून?"

"हो. चोरून."

कळशीवर मारणे थांबले. खुलासे मी अनेक ऐकले आहेत. दोन शब्दांत संपलेला हा एकच आठवतो.

नाचरे पुढे म्हणाले, "आता विचारून मागतो. वीस मिनिटं द्या. मग झडप उघडतो, आणि रघ्या साडेसातनंतर चालू ठेवील. इंजिनिअरला मी जबाब देईन."

गर्दी बाजूला करत नाचरेवहिनी पुढे आल्या. काखेत रिकामी कळशी. "इतके दिवस विचारता येत नव्हतं?"

"तू नाही म्हटलं असतंस."

"म्हटलंच असतं! पण विचारायचं तरी. घरात प्यायला घोटभर नाही, आणि हे वर जाऊन बसलेत पाहुण्यासारखे." त्यांनी कळशी दुसऱ्या काखेत घेतली. "लग्न कुणाचं?"

"शेवंताबाईंच्या सुनंदाचं."

"बालवाडीच्या? आपल्या धाकट्या छबीला गाणी शिकवते ती?"

"तीच."

वहिनींनी कळशी उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या. हात पुढे केला. "घड्याळ काढा. वीस म्हणजे वीस. एकविसावं मिनिट झालं तर मी स्वतः चावी फिरवीन. कोण अडवतो बघते."

नगरसेवकाने मनगटावरचे घड्याळ काढून बायकोच्या हातात दिले. त्यानंतरचा वेळ मला त्या महिन्यातला सर्वांत चांगला वाटतो, म्हणजे आज वाटतो. ऊन गिरणीच्या पत्र्यावर आले. बायका आपापल्या भांड्यांवर बसल्या. कोणीतरी गावाला गेलेल्यांची निंदा सुरू केली, कोणीतरी फणसाच्या भाजीचा विषय काढला. एकाने मागून म्हटले, "वहिनी, घड्याळ बंद पडलंय का बघा जरा."

"तुझी जीभ चालू आहे तोवर बंद नाय पडणार."

मग सुनंदाच्या नवऱ्या मुलाची चौकशी झाली. तो टेलिफोनमध्ये आहे असे रघुनाथने सांगितले. कोणीतरी म्हणाले, चांगला आहे, आपला फोन लवकर लावून देईल. हशा झाला. नाचरे एकटे उभे होते. "झाली," वहिनी म्हणाल्या आणि घड्याळ परत केले. माझ्या घड्याळात तेव्हा चोवीस मिनिटे झाली होती. दोन घड्याळांत फरक असू शकतो.

रघुनाथने झडप उघडली. तो मोजत होता आणि शेदीडशे माणसे गप्प होती.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात माझी बातमी तीन ओळींची होती. झडपेतील तांत्रिक अडचणीमुळे घाटकोपर पश्चिमेच्या काही भागात पाणीपुरवठा काही काळ विस्कळीत झाला होता. नंतर तो सुरळीत झाला. त्यात चूक काही नव्हते. पण वहिनींची कळशी त्यात नव्हती.

पुढचे आधी सांगून टाकतो. आठवडाभर वाद झाले. मग वरच्या चार आणि खालच्या चार बायका नाचऱ्यांच्या ओट्यावर बसल्या आणि पाऊस लागेपर्यंत पहिला अर्धा तास माथ्याचा असे ठरले. रघुनाथ तसे करू लागला. कागदावर ते कुठेच नव्हते. पंप दोन वर्षांनी आला. पुढच्या निवडणुकीत नाचरे पडले, थोडक्यात पडले. ओट्यावरचे बाकडे कोणी उचलले नाही. शिक्का गेला होता, पण माणसे येत राहिली, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मी एकदा विचारले, आता कशाला येतात? ते म्हणाले, "नाही होणार ते घरी बसून कसं कळणार त्यांना?" निवडणूक हरलेला इतका समाधानी माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्या मे महिन्यानंतर वहिनी मात्र दर वर्षी गावाला गेल्या आणि फणस खाऊन परत आल्या.

पण त्या दिवसाची दुपार राहिली. झडप उघडून झाली, खालच्या नळांना धार लागली, तेव्हा शेवंताबाई पायऱ्या उतरून नाक्यावर आल्या होत्या. अंगावर नवी साडी, तिच्या काठाला तांदळाचे पाणी लागलेले. हात जोडून त्या म्हणाल्या, "समद्यांनी जेवायला यायचं. लेकीचं लगीन हाय." बायका हंडे भरत होत्या. कोणी हो म्हणाले नाही, कोणी नाही म्हणाले नाही. एकीला उपास होता. एकीच्या घरी पाहुणे होते. शेवंताबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि परत चढून गेल्या.

माथ्यावर लग्न लागले. मुलुंडच्या पाहुण्यांची पहिली पंगत बसली. व्याह्यांची बहीण दोनदा उठून नळापाशी जाऊन आली आणि काही न बोलता जेवायला बसली. ऊन मांडवाच्या कापडातून पिवळे होऊन खाली पडत होते. दुसरी पंगत बसत असताना पायऱ्यांवरून धापा ऐकू आल्या. नाचरेवहिनी चढत होत्या, मागे चाळीतल्या आणखी दोघी.

"किती गं या पायऱ्या! देवळाला पण इतक्या नसतात," त्या शेवटच्या पायरीवर टेकून म्हणाल्या. वीस वर्षे त्या या टेकडीच्या पायथ्याशी राहत होत्या आणि वर पहिल्यांदाच आल्या होत्या. नाचरे वाढप्यांत होते, हातात भाताची परात. त्यांनी बायकोला पाहिले आणि परात तशीच धरून उभे राहिले.

तिघी पंगतीत बसल्या. पत्रावळी आल्या, भात आला, वरण आले. वहिनींनी अन्नाला हात लावला नाही. शेवंताबाई पाण्याची कळशी घेऊन ओळीतून येत होत्या. वहिनींपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. पेला रिकामा होता.

"बघतेस काय?" वहिनी म्हणाल्या. "सकाळी या पाण्यासाठी रस्त्यात बसले होते मी. दे की."

शेवंताबाईंनी पेला भरला. वहिनींनी तो ओठांना लावला, एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.